सोलापूर शहर दीड दिवसात नीट कसं पाहावं: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

बाहेरगावचा माणूस सोलापूर स्टेशनावर उतरतो आणि बहुतेक वेळा थेट अक्कलकोट, तुळजापूर नाहीतर पंढरपूरच्या गाडीत बसतो. परतताना चादर आणि शेंगाचटणी घेतली की त्याचं सोलापूर झालं. शहरात मात्र तळं, तळ्यातलं देऊळ आणि तळ्याला टेकलेला किल्ला हे तिन्ही एकाच चकरेत पायी बघता येतात. त्यांच्या आसपासच 1930 च्या मे महिन्याच्या खुणा आहेत आणि गिरण्यांच्या पैशातून उठलेली एक देखणी इमारतही आहे. यासाठी एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ, एवढा वेळ काढा. क्रम मात्र खाली दिला आहे तसाच ठेवा. तो ऊन, देवळातली गर्दी आणि उजेड पाहून लावलेला आहे.

कधी आणि कसं यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मार्चच्या मध्यापासून ऊन चढतं, आणि एप्रिल-मे मध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जाणं इथे नवलाचं नाही. किल्ल्याचा काळा दगड तापला की दुपारी आत उभं राहवत नाही. उन्हाळ्यातच यावं लागलं तर सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर, असे दोनच तुकडे धरा. मधला वेळ खोलीवर काढा. माणशी किमान दोन लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, आणि पायात पटकन काढता-घालता येईल अशी चप्पल. बुटांच्या नाड्या सोडण्या-बांधण्यात दिवसभरात बराच वेळ जातो, कारण देवळं वाटेत सारखी येतात.

मुंबईहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी लवकर सोलापुरात येते. या आराखड्याला तीच गाडी सोयीची: सामान ठेवलं, तोंड धुतलं की थेट तळ्यावर. पुण्याहून येणाऱ्यांनी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून रात्री पोहोचावं आणि मुक्काम करावा. या दोन गाड्यांची नावं शहराच्या दोन मोठ्या आठवणींवरून ठेवलेली आहेत: एक ग्रामदैवताची, दुसरी फाशी गेलेल्या चार माणसांची. दोन्ही जागा पहिल्याच दिवशी पाहायच्या आहेत.

राहायला स्टेशन किंवा एसटी स्टँडचा परिसर घ्या. लांबची स्वस्त खोली शेवटी रिक्षाच्या भाड्यात महाग पडते. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या आणि जवळ सुट्टे ठेवा. ठिकाण सांगताना नकाशातलं इंग्रजी नाव वाचून दाखवू नका. 'चार पुतळा', 'पार्क चौक', 'विजापूर वेस', 'सात रस्ता', 'भैय्या चौक' अशी नावं सांगितली की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही.

भाषेची अडचण येत नाही. मराठी सगळीकडे चालते. पण एकाच गल्लीत कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू कानावर पडली तर गोंधळू नका. हे शहर पिढ्यान्‌पिढ्या चार भाषांत बोलत आलं आहे आणि दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो.

सकाळी साडेसहा ते आठ: तळं आणि सिद्धेश्वर मंदिर

सुरुवात तळ्यापासूनच करा. श्री शिवयोगी सिद्धरामेश्वर 12व्या शतकातले. कन्नड वचनसाहित्यात त्यांची वचनं मोलाची मानली जातात. लोकांना बरोबर घेऊन त्यांनी तळं खोदलं आणि सोलापूरच्या पंचक्रोशीत 68 शिवलिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. आजचं मंदिर त्या तळ्यात आहे आणि त्यांची योगसमाधीही तिथेच आहे. कमी पावसाच्या या मुलखात पाणी साठवणाऱ्या माणसाला गावाने दैवत मानलं. हे मनात ठेवून तळ्याकडे पाहिलं की देवळाचा अर्थ अधिक कळतो.

क्रम असा ठेवा: आधी मुख्य गाभाऱ्याचं दर्शन, मग समाधी, मग आवारात निवांत एक फेरी, आणि शेवटी पाण्याकाठी थांबून समोरचे किल्ल्याचे बुरूज. सकाळच्या कोवळ्या उन्हात तटबंदी उजळते आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब पडतं. फोटो तेव्हाच काढा, कारण संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो आणि तट नुसता काळा दिसतो. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला रांग मोठी असते. त्या दिवशी आलात तर आणखी तासभर लवकर निघा. गाभाऱ्यात फोटो काढायचा असेल तर आधी पुजाऱ्यांना विचारा.

सगळी 68 लिंगं एका फेरीत पाहण्याचा हट्ट नवख्याने करू नये. ती शहरभर आणि शहराबाहेरही विखुरलेली आहेत. काही मोठ्या देवळांत आहेत, काही घरांच्या गर्दीत लहानशा घुमटीत. पुढच्या रस्त्यात एखाद-दुसरं लागेल तेवढं पाहा. संक्रांतीच्या यात्रेत, तैलाभिषेकाच्या दिवशी काठ्यांबरोबर, म्हणजे नंदीध्वजांबरोबर, चाललात तर ती आपसूक कळतात. त्याबद्दल पुढे येईलच.

नाश्ता इथून बाहेर पडल्यावर करा, पण हलका. किल्ल्यात चढ-उतार फार नसला तरी चालणं बरंच आहे.

साडेआठ ते साडेदहा: भुईकोट किल्ला

नकाशावर किल्ला देवळाच्या अगदी शेजारी दिसतो, म्हणून लोक तटाकडेने वाट शोधत जातात आणि खंदकाशी अडतात. तळ्याच्या बाजूने आत जाता येत नाही. सरळ 'किल्ल्याच्या तिकीट खिडकीपाशी' असं विचारत जा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, मोठ्यांना थोडंसं शुल्क आहे. किल्ला सूर्यास्ताला बंद होतो, म्हणून 'संध्याकाळी फिरून येऊ' म्हणणाऱ्यांची निराशा ठरलेली. आतल्या भागात खायला-प्यायला काही मिळेल या भरवशावर राहू नका.

हा भुईकोट, म्हणजे डोंगराचा आधार नसलेला, सपाट जमिनीवरचा किल्ला. उंची नाही म्हणून संरक्षण पाण्यावर आणि भिंतीवर सोपवलेलं. तीन बाजूंनी रुंद खंदक, पूर्वेला तळं, आणि आत एकामागे एक अशा दोन तटबंद्या. बाहेरचा तट बहमनी काळातला मानतात, आतल्या भक्कम बांधकामात नंतरच्या काळाचा हात दिसतो. नवखे लोक आत शिरून थेट मधल्या मोकळ्या जागेत जातात, हिरवळीवर बसतात आणि 'आत काही नाही' म्हणून परततात. या किल्ल्यात बघायचं ते भिंतींत आणि दरवाजांत आहे. म्हणून पुढच्या क्रमाने चला.

आधी दरवाजांशी थांबा. वाट सरळ आत जात नाही, वळणं घेते. हत्तीला किंवा ओंडक्याला धावत येऊन फळीवर धडक देता येऊ नये, आणि वळणावर अडकलेल्या शत्रूवर वरून मारा करता यावा, यासाठी ही रचना. वळणावर उभं राहून वर मान करा, मारा कुठून होणार ते लगेच दिसतं.

मग तटाचे दगड वाचा. खालच्या थरांत मधूनच कोरीव दगड दिसतील: नक्षीची पट्टी, मूर्तीचा भाग, खांबाचा तुकडा. जुन्या देवळांचे दगड बांधकामात वापरल्याच्या या खुणा आहेत. कुठे दगड आडवा बसवलाय, कुठे उलटा, ते पाहत गेलात तर अर्धा तास सहज जातो. मुलं बरोबर असतील तर 'कोरीव दगड कोण जास्त शोधतो' असं सांगा. त्यांना किल्ला आवडायला एवढं पुरतं.

आतल्या बाजूला जुन्या देवळाचे अवशेष आणि खांबांवर उभी 32 खांबी इमारत आहे. देवळाच्या खांबांवरची तासणी आणि तटावरच्या कोरीव दगडांची तासणी शेजारी ठेवून बघा, म्हणजे वरचा मुद्दा डोळ्यांनीच पटेल.

शेवटी बुरूज. वर जायला परवानगी असेल तिथेच जा. कठडे सगळीकडे शाबूत नाहीत आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. जुलै ते सप्टेंबर गवत गुडघाभर वाढतं. तेव्हा पायवाट सोडू नका, साप-विंचवाचं भय खरंच असतं. वरून तळं, देऊळ आणि शहर एका नजरेत येतं. सकाळच्या चकरेचा हा उत्तम शेवट.

इतिहास थोडक्यात ध्यानात ठेवायचा तर असा: विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोघांच्या सीमेवर हा किल्ला होता, म्हणून दोघांनाही हवा होता. 16व्या शतकात तो लग्नातलं आंदण म्हणून ठरायचा आणि त्यावरूनच पुन्हा लढाया व्हायच्या. चांदबीबी आणि अली आदिलशहा यांच्या लग्नातही सोलापूरचा विषय होताच. पुढे मोगल, मग मराठे, आणि 1818 च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने पेशव्यांकडून तो घेतला.

बाहेर पडल्यावर खंदकालगतच्या हुतात्मा बागेत सावलीला बसा. पाणी प्या आणि मगच पुढे निघा.

चार पुतळा आणि 1930 चा मे महिना

बागेतून पार्क चौकाच्या दिशेने निघालात की चार पुतळ्यांशी पोहोचता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली. सिग्नलच्या गर्दीत लोक पुतळ्यांकडे न पाहताच जातात. तुम्ही तसं करू नका, रस्ता जपून ओलांडा आणि चारही नावं वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सोलापूर कुणाकुणाचं बनलं आहे ते या एका चौथऱ्यावर दिसतं.

इथे येण्याआधी घटनाक्रम माहीत असावा, नाहीतर पुतळे नुसते पुतळे राहतात. 6 एप्रिल 1930 रोजी तेव्हाच्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. 5 मे च्या पहाटे गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. 8 मे ला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतरचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, व्यवहार लोकांनीच चालवला. 12 मे ला लष्करी कायदा लागला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. शहरातली जुनी माणसं 'मार्शल लॉ' हा शब्द आजही मराठी असल्यासारखा वापरतात.

इथून इंद्रभुवन पायी जाण्याच्या अंतरावर आहे. 20व्या शतकाच्या सुरुवातीला आप्पासाहेब वारद यांनी बांधलेली ही वास्तू. कापसाच्या आणि गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात शहरात किती पैसा होता, याचा हा दगडी पुरावा. आता ती महापालिकेकडे आहे. ती पाहण्याची रीत वेगळी आहे: जवळ जाऊन नव्हे, आधी 40-50 पावलं लांब उभं राहून. कमानी, घुमट्या, सज्जे यांचा तोल तिथूनच कळतो. मग जवळ येऊन नक्षीकाम बघा, विशेषतः छज्जाखालचे चेहरे आणि वेलबुट्टी. आत जायचं असेल तर कामाच्या दिवशी दारावर विचारून जा.

डॉ. कोटणीस स्मारक

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. त्यांचा जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910 चा. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. वय होतं अवघं 32. चीनमध्ये त्यांचं नाव आजही आदराने घेतात, चिनी पाहुणे मुद्दाम हे स्मारक पाहायला येतात. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना मात्र ते सोलापूरचे हेच माहीत नसतं. तासभर राखून ठेवा. रविवार-सुट्टी असेल तर उघडं आहे का, याची चौकशी करून मगच रिक्षा करा. इथून स्टेशन जवळ आहे, त्यामुळे दुपारी खोलीवर परतताना हे ठिकाण सोयीचं पडतं.

दुपारचं जेवण: कडक भाकरी, शेंगाची आमटी, वांगं, आणि वर शेंगाचटणी. कडक भाकरी पापडासारखी नुसती चावून खाल्ली तर दात दुखतात. ती हाताने बारीक मोडा, वर गरम आमटी ओता आणि दोन मिनिटं थांबा. तिखट झेपत नसेल तर आमटी कमी तिखट सांगा. इथलं 'मध्यम' पुण्या-मुंबईच्या 'तिखट'ला भारी पडतं.

संध्याकाळ: पेठा आणि चादर

जुन्या शहरात बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस अशी नावं ऐकून नवखे लोक दगडी वेशी शोधत हिंडतात. कोट गेला तशा त्या वेशीही गेल्या, नावं तेवढी चौकांना राहिली. त्यामुळे इथे वास्तू शोधू नका, बाजार पाहा. टिळक चौक, मधला मारुती, नवी पेठ हा पट्टा संध्याकाळी पायी फिरायचा. गाडी घेऊन शिरलात तर निम्मा वेळ ती लावण्यात जाईल.

चादरीसाठी पूर्व भागाकडे जा: साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रस्ता. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. काही गल्ल्यांत अजून यंत्रमागांची खटखट ऐकू येते. 1877 मध्ये इथे पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि एकेक करून बंदही पडल्या, पण माग टिकले. कारखाना पाहायचा असेल तर आधी विचारा, सैल ओढणी-उपरणं आवरून घ्या आणि फिरत्या पट्ट्यांपासून लांब राहा.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही त्या नावाने परगावचा माल सर्रास विकला जातो, म्हणून घेताना पारख करा. चादर उलटवून पाहा: अस्सल जॅकार्ड विणीत दोन्ही बाजूंना तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. मागून नुसते लोंबते धागे किंवा फिकट छापील रंग दिसला तर ती सोडा. उजेडासमोर धरा, वीण विरळ असेल तर आरपार दिसतं. हातात वजन जाणवलं पाहिजे. सुताची खात्री हवी असेल तर काठाचा एक सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटाने चुरते. कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होते. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन धुण्यांना चादर वेगळी, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. गडद लाल-निळा रंग सुरुवातीला पाण्यात उतरतो, त्यात पांढरे कपडे पडले की गेले.

शेंगाचटणी पाकिटावरच्या नावापेक्षा वासावर घ्या. ताज्या चटणीला भाजक्या शेंगांचा आणि लसणाचा वास येतो, दाबली की तेल सुटतं. खवट वास आला तर तेल जुनं झालं आहे.

गड्ड्याला यायचं असेल तर

मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिलाच इथे गड्डा म्हणतात. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा आग्रह धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला संमती दिली, ही त्यामागची कथा. यात्रेचे दिवस याच लग्नाच्या क्रमाने चालतात. आधी 68 लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, नंतर होम मैदानावर होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त ते पेलत शहरभर चालतात.

वेळ एकाच दिवसाचा असेल तर अक्षतेचा दिवस धरा. सोहळा दुपारी असतो, पण कट्ट्याजवळ जागा हवी तर सकाळी दहाच्या आत पोहोचा. नंतर पोलीस वाटा बंद करतात आणि लांबून फक्त माणसांची डोकी दिसतात. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम'चा घोष होताच अक्षता पडतात. त्या हातात तयार ठेवा, कारण पिशवीत शोधेपर्यंत क्षण निघून जातो. मुलांच्या खिशात मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. खोल्या महिनाभर आधी भरतात. याउलट कोजागरीच्या आसपास गाडीने तुळजापूरला जाण्याचा बेत टाळा. लाखो माणसं त्या रस्त्याने पायी जातात आणि वाहनं वळवलेली असतात.

दुसऱ्या दिवसाची सकाळ: हत्तरसंग कुडल

मराठी वाचणाऱ्याने सोलापुरातून हे न पाहता जाऊ नये. शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन देवळं आहेत. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. त्यातली मराठी ओळ 'वाछि तो विजेया होईवा' अशी वाचतात. जो हे वाचील तो विजयी होवो, असा तिचा अर्थ. मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांत याची गणना होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

एसटीच्या फेऱ्यांवर अवलंबून राहिलात तर परतीची पंचाईत होते. अर्ध्या दिवसासाठी गाडी ठरवा, सात वाजता निघा, दुपारच्या जेवणाला परत. भीमेला पूर असताना किंवा उजनी धरणातून पाणी सोडलं असताना जाऊ नका, पाणी देवळापर्यंत चढतं. पावसाळ्यानंतरही काठाला काळी माती निसरडी असते.

लेख शोधताना बहुतेकांची एकच चूक होते: मोबाइलची बत्ती समोरून मारतात आणि अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. बत्ती तुळईच्या एका टोकाला, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. तिरका उजेड पडला की खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. खडू, पीठ, तेल, कुंकू काहीही लावून ती 'स्पष्ट' करू नका. दगड 1,000 वर्षं टिकला आहे, त्याला बोटसुद्धा लावायची गरज नाही.

मग हरिहरेश्वराकडे या. इथल्या शिवलिंगावर 359 लहान मुखं कोरलेली आहेत. मोजण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. वरच्या थरातल्या एका मुखावर नजर ठेवा, तिथून एकेक थर खाली या आणि दुसऱ्याला आकडे टिपायला सांगा. एकट्याने मोजलं तर चौथ्या थराशी हिशेब हमखास चुकतो.